मुसाफिर की मुकीम?



मे महिन्याच्या सुट्टीत किंवा लग्नसराईत परदेशस्थ मंडळी कोकणात आपापल्या गावी येतात, तेव्हा मशिदीच्या इमामाला एक मसला हमखास विचारला जातो. विचारणारा साधारणपणे असे म्हणतो : मी पंचवीस वर्षे केपटाऊनला आहे; बायकामुले तिकडेच आहेत; इथे वडिलोपार्जित घर आहे; पुतणीच्या निकाहसाठी तीन दिवस आलो आहे; तर मी इथे नमाज पूर्ण अदा करू की कसर करू?

प्रवासात चार रकातींची फर्ज नमाज दोन रकात अदा करण्याची सवलत शरीअतने दिली आहे. तिला आपण कसर म्हणतो. एखाद्या ठिकाणी १५ दिवस किंवा अधिक राहण्याची नियत केली की हनफी मसलकानुसार माणूस मुसाफिर राहत नाही, मुकीम होतो. शाफई मसलकात, ज्याचे कोकणातील बहुसंख्य मुसलमान अनुयायी आहेत, येण्याचा व जाण्याचा दिवस सोडून ४ दिवसांची नियत पुरते. मात्र स्वतःच्या वतनात पाऊल टाकणाऱ्याला दिवस मोजावे लागत नाहीत. तो तेथे पोहोचताच मुकीम असतो. म्हणजे सारा मसला एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतो : विचारणाऱ्याचे वतन कोणते?

हा निर्णय जन्मदाखल्यावर होत नाही, सातबाऱ्यावर होत नाही आणि पासपोर्टवरही होत नाही. जेथे माणसाने कायम राहण्याच्या इराद्याने घरसंसार मांडला आहे ते त्याचे वतन. एका माणसाची दोन वतने असू शकतात, हेही फुकहांनी मान्य केले आहे. म्हणून इमामाला उलट विचारावे लागते, तुमची नियत काय आहे? तुम्ही आता कोठले? या साध्या प्रश्नावर विचारणारा बहुधा गप्प होतो. पंचवीस वर्षांत त्याने तो स्वतःला कधी विचारलेलाच नसतो. त्या गप्प होण्याविषयी आज आपल्याशी बोलायचे आहे.

रसूलुल्लाह (स.) यांचा जन्म मक्केचा. हिजरतीच्या वेळी मक्केकडे पाहून, हे शहर मला सर्वांत प्रिय आहे आणि माझ्या लोकांनी मला बाहेर काढले नसते तर मी ते सोडले नसते, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढल्याचे हदीसमध्ये आले आहे. परंतु पुढे हज्जतुल विदाच्या प्रसंगी ते मक्केत आले, तेव्हा त्यांनी तेथे चार रकातींऐवजी दोनच अदा केल्या. ज्या गल्ल्यांत बालपण गेले, जेथे हजरत खदीजा (रजि.) यांच्याशी संसार झाला, जेथे पहिली वही उतरली, त्या शहरात अल्लाहचे रसूल (स.) मुसाफिर होते! वतन बदलू शकते, याचा दाखला हनफी फुकहांनी याच घटनेतून घेतला आहे. मुहाजिर सहाबांना हजचे विधी संपल्यावर मक्केत केवळ तीन दिवस थांबण्याची मुभा होती. तीन दिवसांचे थांबणे म्हणजे वास्तव्य नव्हे, हा शाफई फुकहांचा निष्कर्ष त्याच हदीसवर उभा आहे.

मक्का जिंकली गेली त्या दिवशी मदीनेच्या अन्सारांच्या मनात धाकधूक होती. आता रसूल (स.) आपल्या जन्मगावी राहतील, आपल्याला सोडतील, असे ते आपसांत कुजबुजत होते. तेव्हा रसूलुल्लाह (स.) यांनी त्यांना आश्वासन दिले की, माझे जगणे तुमच्यासोबत आणि माझे मरणही तुमच्यासोबत. विजय मिळाला होता, शहर ताब्यात होते, परतण्यास कोणाची आडकाठी नव्हती. तरीही ते मदीनेला परतले. अडचणीच्या दिवसांत ज्या भूमीने आसरा दिला, तिच्याशी नाते सोयीपुरते ठेवायचे नसते, हा या प्रसंगाचा बोध आहे.

आता आपल्या परदेशस्थ बांधवाकडे वळू. केपटाऊनला तो पंचवीस वर्षे नमाज पूर्णच अदा करीत आला आहे. शरीअतच्या दृष्टीने तो तेथे मुकीम आहे. पण नमाजच्या बाहेरचे काय? शेजारी आजारी पडला तर तो विचारपूस करतो का? वस्तीच्या शाळेचा, पाण्याचा, सुरक्षिततेचा प्रश्न निघाला तर सभेला जातो का? की 'आपण परके, आपल्याला काय करायचे' असे म्हणून दार लावून घेतो? मराठीत 'कसर' म्हणजे उणीव, कमतरता. अरबीत सवलतीची 'कस्र' आणि उणिवेची 'कस्र' हे दोन वेगळ्या धातूंचे शब्द आहेत, पण मराठीत येऊन दोघे एकाच रूपात भेटले. नमाजमधली कसर ही अल्लाहने दिलेली सवलत आहे. शेजाऱ्याच्या हक्कातील कसर ही मात्र आपण स्वतःच घेतलेली सूट आहे, आणि तिला कोणताही आधार नाही.

एखादी भूमी आपली वाटावी यासाठी आपण मनाची वाट पाहत बसतो. एक दिवस आपोआप आपलेपणा वाटू लागेल, मग आपण त्या समाजासाठी काही करू, असा आपला हिशेब असतो. हा हिशेब उलटा आहे, असे माझे नम्र मत आहे. आपलेपणा ही केवळ भावना नाही. ती हक्क अदा केल्याने जडणारी गोष्ट आहे. ज्यांचे हक्क आपण अदा करतो ते आपले होतात, आणि त्यांच्यामुळे त्यांची भूमी आपली होते.

यावर आपण रास्त आक्षेप घ्याल : आम्ही आपले मानू, पण त्या देशानेच आम्हाला आपले मानले नाही तर? हा आक्षेप हवेतला नाही. दक्षिण आफ्रिकेचेच उदाहरण घेऊ. १८६० साली नाताळमध्ये उसाच्या मळ्यांसाठी करारबद्ध भारतीय मजुरांची पहिली जहाजे लागली. त्यानंतर स्वतःच्या भाड्याने जाणारे लोक निघाले. त्यांतच रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांतील कोकणी मुसलमान होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ते केपटाऊनला पोहोचू लागले. कोणी दुकानात नोकरी धरली, कोणी भाजी-फळांची फेरी केली, कोणी अंगमेहनतीची कामे केली. तेथे त्यांना मशिदी आयत्या मिळाल्या, आणि त्याही बहुतांश शाफई मसलकाच्या. कारण डचांनी पूर्वेकडील बेटांतून गुलाम आणि राजबंदी म्हणून आणलेल्या मुसलमानांनी त्या आधीच उभ्या केल्या होत्या. त्यांतील तुआन गुरू या नावाने प्रसिद्ध असलेले आलिम १७८० साली बंदी म्हणून आणले गेले. रॉबेन बेटावरच्या कैदेत त्यांनी केवळ स्मरणाच्या बळावर कुरआन लिहून काढले आणि सुटल्यानंतर केपटाऊनला मदरसा व मशीद सुरू केली. ज्या भूमीत त्यांना साखळदंडांनी आणले गेले, त्या भूमीच्या मुलांना ते शिकवीत राहिले.

आपल्या कोकणी बांधवांना साखळदंड नव्हते, पण कायदे होते. १९०२ च्या केपच्या कायद्याने युरोपीय भाषेत अर्ज लिहिता येण्याची अट घातली. गावी यायचे तर परवाना घ्यावा लागे आणि मुदतीत परतावे लागे. मुदत चुकली की परतीची वाट बंद. कित्येक घरांत कर्ता पुरुष केपटाऊनला आणि बायको-मुले कोकणात, अशी आयुष्ये सरली. १९५० साली वंशवार वस्त्यांचा कायदा आला. १९५३ साली भारतातून पत्नी-मुलांना आणण्याची वाटही कायद्याने बंद करण्यात आली. १९६६ साली केपटाऊनचा डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग गोऱ्यांसाठी राखीव जाहीर झाला, आणि साठ हजारांहून अधिक माणसे तेथून उठवली गेली. भारतीय लोक हे या देशाचे कायमचे रहिवासी आहेत, हे तेथील सरकारने मान्य केले ते १९६१ साली, म्हणजे पहिल्या जहाजानंतर १०१ वर्षांनी!

ज्या घरांनी हे सोसले त्यांच्यापैकी कोणी मनाने सदैव पेटी बांधूनच बसले असेल, तर त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु त्याच शहरात दुसरे उदाहरणही घडले, ते सांगणे आवश्यक आहे. क्लेअरमाँट भागातील स्टेगमन रोड मशिदीचे इमाम अब्दुल्लाह हारून हे केपच्या त्याच जुन्या मुसलमान समाजातले. त्यांना स्वतःची मशीद आणि स्वतःची जमात सांभाळून शांतपणे जगता आले असते. ते कृष्णवर्णीयांच्या लांगासारख्या वस्त्यांत जात राहिले, तेथील कुटुंबांना मदत पोहोचवीत राहिले, आणि वर्णभेदाचा कायदा इस्लामच्या शिकवणीविरुद्ध आहे असे उघड सांगत राहिले. मे १९६९ मध्ये पोलिसांनी त्यांना उचलले. चार महिने एकांत कोठडीत ठेवले. २७ सप्टेंबर १९६९ रोजी कोठडीतच त्यांचा मृत्यू झाला. ते जिन्यावरून पडले, असे पोलिसांनी सांगितले. तो मृत्यू छळामुळे झाला, हा न्यायालयीन निर्णय यायला २०२३ साल उजाडावे लागले.

वाचकहो, इमाम हारून यांना त्या राजवटीने आपले मानले नव्हते. पण शेजाऱ्याचा हक्क सरकारच्या मान्यतेवर अवलंबून नसतो, तो शेजारी असण्यावर अवलंबून असतो. आणि भूमी आपली मानणे म्हणजे तेथल्या सत्तेपुढे मान तुकवणे नव्हे, हेही त्यांनी दाखवून दिले. परका माणूस अन्याय पाहून निघून जाण्याचा विचार करतो. घरचा माणूस घर सुधारण्याचा विचार करतो, आणि त्याची किंमतही मोजतो.

दुसरा आक्षेप आईबापांचा असतो, आणि तो काळजातून येतो. मुलगा परक्या समाजात एवढा मिसळला तर त्याचा ईमान राहील का? या भीतीलाही आधार आहे. नबुवतच्या पाचव्या वर्षी जे मुसलमान मक्केचा छळ चुकवून हबशाला गेले, त्यांच्यापैकी उबैदुल्लाह बिन जहश यांनी तेथे दीन सोडल्याचे सीरतच्या ग्रंथांत नमूद आहे. परंतु त्यांच्या पत्नी हजरत उम्मे हबीबा (रजि.) परक्या देशात एकट्या पडूनही आपल्या दीनवर अढळ राहिल्या, हेही त्याच ग्रंथांत आहे. घर एक, देश एक, हवा एक. परिणाम मात्र दोन. तेव्हा दोष केवळ देशाला देऊन चालणार नाही.

हबशाचे ते मुहाजिर अलिप्त राहिले नाहीत, हे विशेष. हजरत जाफर (रजि.) यांनी ख्रिस्ती बादशहा नज्जाशीपुढे आपला दीन न लपवता, न बदलता, स्वच्छ शब्दांत मांडला. पुढे नज्जाशीविरुद्ध एक बंडखोर उठला तेव्हाची हकीकत हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी सांगितली आहे. मुहाजिरांना त्या दिवशी फार दुःख झाले. त्यांनी नज्जाशीच्या विजयासाठी दुआ केली. लढाई नाईल नदीच्या पलीकडे होती. खबर आणायला कोण जाणार, असा प्रश्न आला. तेव्हा त्यांच्यातील अगदी तरुण असे हजरत जुबैर (रजि.) पुढे झाले. हवा भरलेली पखाल छातीशी बांधून त्यांनी नदी पार केली आणि विजयाची वार्ता आणली. त्या देशाची खुशाली त्यांना स्वतःची खुशाली वाटत होती. त्यांचा दीन वेगळा होता, काळजी वेगळी नव्हती. आपल्या मुलांना आपण दीनची समज देऊन पाठवले असेल, तर शेजाऱ्याशी जोडलेले नाते त्यांचा ईमान घटवणार नाही. उलट दीनचा परिचय लोकांना त्याच नात्यातून होईल.

तिसरा आक्षेप दीनदार मंडळी घेतात. दुनियेत परदेशी किंवा वाटसरू असल्यासारखे राहावे, अशी रसूलुल्लाह (स.) यांची शिकवण आहे, मग कोणत्याही भूमीत एवढे गुंतावे कशाला? ही हदीस हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी कथन केली आहे. जिब्रील (अलै.) यांनी शेजाऱ्याविषयी इतका वारंवार आग्रह धरला की शेजारी वारस ठरतो की काय असे वाटू लागले, या आशयाची हदीसही त्यांनीच कथन केली आहे. एकाच सहाबीने दोन्ही ऐकल्या, दोन्ही सांगितल्या आणि दोहोंत त्यांना विरोध दिसला नाही. वाटसरूपण हे मालमत्तेच्या, मानमरातबाच्या मोहाबाबत आहे. हक्काबाबत नाही. सराईत एक रात्र उतरलेल्या मुसाफिरावरही शेजारच्या खाटेवरील आजाऱ्याचा हक्क असतोच.

आखाती देशांत नोकरीस असलेल्या बांधवांना हीच गोष्ट लागू आहे. तेथे त्यांना सहसा नागरिकत्व मिळत नाही, परतावे हे ठरलेलेच आहे. तरीही तीस तीस वर्षे ते तेथे नमाज पूर्ण अदा करतात. खोलीतला सोबती कोणत्याही देशाचा, कोणत्याही धर्माचा असो, मुकीम माणसावर असणारा त्याचा हक्क पूर्णच आहे. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याला त्यातून पाठवले की नाही, असे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारले होते.

मग जुन्या गावाचे काय? नव्या भूमीवर प्रेम केले की जुनीशी बेइमानी होते, अशी एक बोच अनेकांच्या मनात असते. तिचे निवारण मदीनेतच झाले आहे. हिजरतीनंतर मुहाजिरांना तेथील हवा मानवली नाही. हजरत अबू बक्र (रजि.) आणि हजरत बिलाल (रजि.) तापाने फणफणले. ताप उतरला की हजरत बिलाल (रजि.) मक्केच्या दऱ्यांतील गवताची, तेथील डोंगरांची आठवण काढून काव्य म्हणत. ज्या मक्केने त्यांना तापल्या वाळूवर लोळवले, तिचे गवतसुद्धा त्यांना आठवत होते! रसूलुल्लाह (स.) यांनी या व्याकुळतेवर नाराजी दाखवली नाही. मक्का विसरायलाही सांगितले नाही. त्यांनी दुआ केली की, या अल्लाह, मदीना आम्हाला मक्केइतकी, किंबहुना त्याहून अधिक प्रिय कर. जुने प्रेम पुसून नवे मागितले नाही. त्याच्या शेजारी नवे मागितले. म्हणून परदेशी स्थिरावलेल्या मुलाला 'गाव विसरलास' असे टोचण्यापूर्वी पालकांनी ही दुआ आठवावी. आणि मुलानेही लक्षात ठेवावे की वतन बदलले तरी सिलारहमी बदलत नाही. गावी पाठवलेल्या पैशातून बंद घराला नवी फरशी बसते, पण एकटी पडलेली फुफी त्याच गल्लीत राहते. तिचा हक्क केपटाऊनहूनही अदा करता येतो.

येथवर आपण जाणाऱ्यांविषयी बोललो. आता येणाऱ्यांविषयी बोलल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. कारण मदीनेत केवळ मुहाजिर नव्हते, अन्सारही होते.

आपल्या मुलाला परदेशी मान मिळावा, घर भाड्याने मिळावे, त्याच्या नावावरून आणि दाढीवरून कोणी त्याला दूर सारू नये, अशी आपली दुआ असते. ती रास्त आहे. पण त्याने पाठवलेल्या पैशातून आपले घर बांधणारा गवंडी कोठून आला आहे? बिहारमधून, उत्तर प्रदेशातून, बंगालमधून. कोकणातील कित्येक मशिदींत इमामत करणारे, आपल्या मुलांना कुरआन शिकवणारे हाफिजही तिकडचेच आहेत. त्यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे का? की त्यांच्या प्रांताच्या नावानेच आपण त्यांना हाक मारतो? आजारी पडल्यावर त्यांना दवाखान्यात कोण नेते? ईदच्या दिवशी ते कोणाच्या दस्तरखानावर असतात? जी वागणूक आपल्या मुलाला परक्या देशात मिळू नये म्हणून आपण रात्री दुआ मागतो, ती दिवसा आपल्याच अंगणात आपण कोणाला देत तर नाही ना?

अन्सारांनी आपल्या खजुराच्या बागा मुहाजिरांत वाटून देण्याची तयारी दाखवली होती. रसूलुल्लाह (स.) यांनी वाटणी मान्य केली नाही, मग मुहाजिरांनी बागांत श्रम करावेत आणि फळांत दोघांचा वाटा असावा, असे ठरले. हजरत साद बिन रबीअ (रजि.) यांनी हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना आपली निम्मी संपत्ती देऊ केली. त्यांनी बरकतीची दुआ दिली आणि एवढेच विचारले की, येथला बाजार कोठे आहे? त्या दिवशी ते थोडे पनीर आणि तूप कमावून परतले. देणाऱ्याने हात आखडला नाही आणि घेणाऱ्याने भार टाकला नाही. एका शहरात दोन प्रकारची माणसे एकत्र राहू शकली ती अशी. स्वतः गरजवंत असूनही दुसऱ्याला पुढे करणारे, आलेल्यांविषयी मनात असूया न बाळगणारे, असे अन्सारांचे वर्णन सूरह हश्रमध्ये आले आहे. त्या आयतीत आपल्या घराचा उंबरठा कोठे बसतो, हे प्रत्येकाने तपासून पाहावे.

तेव्हा मशिदीत विचारल्या जाणाऱ्या त्या मसल्यावर माझी एकच विनंती आहे. नमाज कोठे पूर्ण आणि कोठे कसर, हे अवश्य विचारा. ते विचारणे हे दीनदारीचे लक्षण आहे. त्यासोबत हेही स्वतःला विचारा की ज्या गल्लीत आपण राहतो, मग ती केपटाऊनची असो, कुवेतची असो की चिपळूणची, तेथे आपल्यावर कोणाकोणाचे हक्क आहेत आणि त्यांत आपण किती कसर केली आहे. कयामतच्या दिवशी आपण कोणत्या देशाचे नागरिक होतो, हे विचारले जाणार नाही. शेजाऱ्याविषयी मात्र विचारले जाईल.

या अल्लाह, जे घरापासून दूर आहेत त्यांना तेथील भूमी प्रिय कर आणि त्यांना त्या भूमीसाठी खैर-बरकतीचे कारण बनव. जे आमच्या दारी आले आहेत त्यांच्यासाठी आमची मने अन्सारांसारखी विशाल कर. आमीन.